पावणेदोन रेघा

दोन रेघा म्हणजे आहे, एक रेघ म्हणजे नाही, आणि एकही रेघ नाही म्हणजे किट बिघडलेलं आहे, दुसरं आणा. पाकिटातल्या कागदावर हे इतकं स्वच्छ छापलेलं असतं, की कुणाचा गोंधळ होऊच नये. शेजारी चित्रंही असतात. पण पावणेदोन रेघा म्हणजे काय, हे त्या कागदावर एवढ्या ठळक अक्षरांत कुठेही नव्हतं, आणि आमच्या वाट्याला नेमक्या पावणेदोन आल्या.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले काटे, पेट्रोल पंपांची मापं, दूधवाल्यांचे लिटर तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझं काम. "साहेब, थोडंसं कमी आहे, पण चालेल," हे वाक्य मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. अशा माणसाला देवाने पावणेदोन रेघा दाखवाव्यात, याला विनोद म्हणायचं की सूड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवात झाली ती स्वयंपाकघरात. आई बाहेर पेपर वाचत होती, म्हणून बायकोने मिक्सर सुरू केला आणि त्याच्या आवाजात मला सांगितलं, "माझी तारीख उलटून गेलीय."

"कसली तारीख?" मी ओरडून विचारलं. मिक्सर चालू होता ना.

तिने मिक्सर बंद केला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि पुन्हा सुरू केला. मग मला कळलं.

"येताना किट घेऊन ये," ती म्हणाली. "आणि कुणाला कळता कामा नये. आईंनासुद्धा नाही."

आईंनासुद्धा नाही, याला कारण होतं. मागे एकदा ही बातमी आमच्या घरी आली होती. आम्ही आनंदाने सगळ्यांना सांगितली आणि महिन्याभरात बातमी आली तशी परत गेली. बातमी सांगायला एक संध्याकाळ पुरते. परत घ्यायला वर्ष पुरत नाही. ज्यांना पुढचं कळलं नव्हतं, ते लोक जिन्यात थांबवून विचारायचे, "काय, कितवा चालू?" ही हसून "नाही हो" म्हणायची, वर यायची आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तोंड धुवत बसायची. त्यामुळे या वेळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत चार भिंतींनाही कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं आणि मला मान्य होतं.

संध्याकाळी मी औषधाच्या दुकानात गेलो. हा औषधवाला मला ओळखतो, तेही वाईट अर्थाने. त्याच्या दुकानाबाहेर लोकांनी वजन करायचा काटा आहे आणि तो दर वर्षी मी तपासतो. माझी ऑफिसची बॅग दिसताच तो गिऱ्हाईक सोडून पुढे आला.

"साहेब, शिक्का आहे! नवा आहे! दाखवू?"

"तपासायला नाही आलो," मी आवाज खाली आणून म्हणालो. "किट हवंय."

"काय?"

"किट."

"कीटक? झुरळं की ढेकूण?"

माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई लगेच म्हणाल्या, "ढेकणांना औषध लागू पडत नाही. गाद्या उन्हात टाका." त्यांच्या मागच्या गृहस्थांचं मत पडलं की, नुसत्या गाद्या टाकून उपयोग नाही, पलंगाच्या फटीत उकळतं पाणी ओतलं पाहिजे. दुकानातल्या सगळ्यांनी माझ्याकडे, आणि मग माझ्या सदऱ्याच्या कॉलरकडे, जरा लांबूनच पाहिलं. मी ढेकणांचा फवारा विकत घेतला. सरकारी नोकराला चारचौघांत खुलासा करण्यापेक्षा ढेकूण पत्करावे लागतात.

रस्त्याला दोन फेऱ्या मारून मी पुन्हा आत शिरलो, तेव्हा दुकान रिकामं होतं. या वेळी बोलण्याची जोखीम घेतली नाही. मोबाइलवर शब्द लिहून त्याच्यासमोर धरला. त्याने तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून एकदम गंभीर झाला आणि किट कागदात, कागद पिशवीत आणि ती पिशवी आणखी एका काळ्या पिशवीत घालून म्हणाला, "साहेब, दोन न्या. एकावर भरवसा ठेवू नये." दोन आणली. इथेच पुढच्या सगळ्याचं बी पेरलं गेलं, म्हणजे बी हा शब्द इथे योग्य नाही, पण असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या चाचणी झाली. आमच्या घरात न्हाणीघर एकच. बायकोने थेंब टाकून किट वॉशिंग मशीनच्या झाकणावर ठेवलं आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्यावर वाकलो.

"दोघंही आत काय करताय?" बाहेरून आईचा आवाज.

"नळ गळतोय, आई!"

"मग प्लंबर बोलवा. नळ बघायला दोन माणसं लागतात होय?"

तेवढ्यात पहिली रेघ उमटली. ठसठशीत. ही रेघ कुणाचंही काहीही असलं तरी येतेच. किट शुद्धीवर आहे, एवढंच ती सांगते. आणि मग तिच्या शेजारी दुसरी आली. आली म्हणजे काय, आल्यासारखी वाटली. फिकट गुलाबी. थेट पाहिलं तर नसायची, आणि नजर जराशी बाजूला केली की असायची.

"आहे," बायको म्हणाली.

"सावली आहे."

"गुलाबी सावली?"

"टॉवेल गुलाबी आहे. त्याचा रंग पडला असेल."

तिने टॉवेल उचलून माझ्या खांद्यावर टाकला. रेघ होती तिथेच होती.

"कागदात लिहिलंय," ती म्हणाली, "फिकट असली तरी वेळेत आली तर ती रेघच."

"कागद किट विकणाऱ्याने छापलाय. विकणारा आपल्या काट्याला वाईट कशाला म्हणेल?"

तत्त्व म्हणून वाक्यात काहीच चूक नव्हती. पण तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की, काही वाक्यं फक्त दुकानात बोलायची असतात.

"परवा सकाळी दुसऱ्या किटने पुन्हा बघू," ती म्हणाली. "तोपर्यंत रेघ ठळक व्हायला हवी. आणि तू यावर कसलंही संशोधन करू नकोस."

ती शाळेत गेली. ती भूगोल शिकवते. मी संशोधन सुरू केलं.

माझ्या मनात पाप नव्हतं, हे आधी सांगतो. मला फक्त तिला परत नळाखाली तोंड धुवायला लागू नये, असं वाटत होतं. कुठलाही काटा तपासताना आम्ही आधी पारडं रिकामं ठेवून पाहतो. रिकाम्या पारड्याला काटा शून्य दाखवत असेल, तरच त्याचं पुढचं बोलणं खरं मानायचं. आता या प्रकरणात रिकामं पारडं कोण? घरात जिच्या पोटात काहीही असण्याची सुतराम शक्यता नाही, अशी व्यक्ती कोण? आईला विचारणं शक्य नव्हतं. उरलो मी.

आईच्या खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घेतलं. दुसरं किट फोडलं. थेंब टाकले. किट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो न ठेवतो तोच दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका आले होते. काका निवृत्त इंजिनियर. निवृत्त झाल्यापासून ते फक्त सल्ले देतात, त्यामुळे आमच्या इमारतीत त्यांना सगळे सल्लागारकाका म्हणतात. ते मला इन्स्पेक्टर म्हणतात.

"इन्स्पेक्टर, टाकीचा व्हॉल्व्ह चुकीच्या बाजूला बसवलाय," ते म्हणाले आणि बसले. व्हॉल्व्ह का चुकला, कुणी चुकवला, पूर्वी असे व्हॉल्व्ह कसे चुकत नसत, हे सगळं ऐकून त्यांना वाटेला लावलं. मग लक्षात आलं की ऑफिसला उशीर होतोय. दाढी केली. अंघोळ केली. अंग पुसता पुसता खिडकीकडे नजर गेली, आणि टॉवेल हातातून गळाला.

दुसरी रेघ होती. राखाडी, पाण्याचा ओघळ वाळल्यासारखी, पण होती.

आता निष्कर्ष सरळ होता. काटा खोटा. रिकाम्या पारड्याला वजन दाखवणारा काटा मी तिथल्या तिथे जप्त करतो. म्हणजे बायकोची रेघही खोटी. हे तिला कसं सांगायचं, या विचाराने मी टॉवेल गुंडाळून तिथल्या स्टुलावर बसलो आणि, न राहवून, मोबाइलवर विचारलं: पुरुषाची चाचणी होकारार्थी आली तर?

माणसाने टॉवेलवर असताना इंटरनेटला प्रश्न विचारू नयेत. तिथे लिहिलं होतं की, क्वचित, पुरुषाच्या अंडकोषात विशिष्ट प्रकारची गाठ असेल, तर ही चाचणी होकारार्थी येऊ शकते. क्वचित! माझ्या नोकरीत क्वचितचा अर्थ "आज आणि तुमच्याच हद्दीत" असा होतो.

थोडक्यात, माझ्यापुढे दोनच वाटा राहिल्या. किट खोटं असेल, तर तिची आशा गेली. किट खरं असेल, तर मी गेलो. मधली वाट नव्हती, आणि दोन्ही वाटांवर मला हसतमुखाने ऑफिसला जायचं होतं. बाहेर आलो तर आई विचारत होती, "माझ्या औषधाचं झाकण कुठे गेलं रे?" "फुटलं," मी म्हणालो. त्या दिवसापासून ती औषध चमच्याने घेते.

ऑफिसात मी दर थोड्या वेळाने स्वच्छतागृहात जाऊन, दाराला कडी लावून, माणसाला स्वतःची जी काही तपासणी करता येते ती करत होतो. काही लागलं असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. अखेर हेडक्लार्कने गाठलं. "स्टोन आहे का?" मी सुटका म्हणून हो म्हणालो. तासाभरात सगळ्या ऑफिसला माझा मुतखडा माहीत झाला. प्रत्येकाच्या घरात कुणा ना कुणाला तो होऊन गेलेला होता आणि पाणी पिणं या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. टेबलावर पाच जणांच्या बाटल्या आल्या. मी दिवसभर पाणी प्यायलो, त्यामुळे स्वच्छतागृहाच्या फेऱ्या आणखी वाढल्या आणि निदान पक्कं झालं.

संध्याकाळी बायको उशिरा आली. "मीटिंग होती," ती म्हणाली. माझ्याकडे तिने नीट पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. जेवताना आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "दोघांच्याही पोटात काहीतरी आहे," ती शेवटी म्हणाली. मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत गेलो. डॉक्टरकडे आधी का गेलो नाही? कारण डॉक्टर विचारणार, हे कसं कळलं? काउंटरवर कानाला फोन लावलेली एक मुलगी होती. तिच्यापुढे मी तपासणीचं नाव लिहिलेली चिठ्ठी सरकवली.

"पेशंटला आणलंय?"

"हो."

"कुठे आहेत त्या?"

"इथेच."

तिने माझ्या मागे पाहिलं. मी वळलो. मागे सल्लागारकाका उभे होते. साखर तपासायला आले होते. मुलीने काकांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ते नाही," मी घाईने म्हणालो. "मी."

तिने काहीतरी दाबलं. मग पुन्हा दाबलं. "पुरुष टाकलं की ही तपासणी निघूनच जाते. पुरुषांची वेगळ्या नावाने असते. तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते."

"आणि बायकांना?"

"बायकांना लागत नाही. ही साधी प्रेग्नन्सीची आहे ना."

"मशीन एकच ना?"

"मशीन एकच. रक्तही त्याच नळीत. पण चिठ्ठी वेगळी."

आतून तिची वरिष्ठ आली, तिने वाद ऐकला आणि सहानुभूतीने निकाल दिला: "स्त्री टाक." खटकन मी सौभाग्यवती झालो. पण संगणकाचं समाधान झालं नव्हतं.

"शेवटच्या पाळीची तारीख मागतंय."

"रिकामं सोडा."

"सोडू देत नाही. कुठलीही सांगा."

कुठलीही! शासकीय अधिकाऱ्याला कुठलीही तारीख सांगा म्हणतात! मागे रांग खोळंबली होती, काका एक कान पुढे करून उभे होते, आणि त्या घाबरगुंडीत मला पाठ असलेली एकच तारीख तोंडातून निघून गेली. लग्नाची. मुलीने ती टाकली आणि थबकली.

"सात वर्षं झाली," ती म्हणाली. "बराच उशीर झालाय."

मग तिने पडदा माझ्याकडे वळवला. "घरचा नंबर हाच ना?" मी न वाचता मान हलवली आणि हात पुढे केला.

"कशाची तपासणी?" बाहेर काकांनी विचारलं.

"थायरॉइड."

"त्याला तारीख कशाला लागते?"

"नवीन पद्धत आहे."

त्या दिवशी घरी काय झालं, ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. प्रयोगशाळेत आमच्या घरचा म्हणून जो नंबर होता, तो आईचा; तिची साखर तिथेच तपासतात. दुपारी तिच्या फोनवर निरोप आला. आईला इंग्रजी निरोप वाचता येत नाहीत, त्यामुळे ते वाचून दाखवण्याचा मक्ता काकांकडे आहे. काकांनी चष्मा लावून वाचलं: सौभाग्यवती, पुढे आमचं आडनाव, गर्भधारणा तपासणी, निगेटिव्ह. घरात सौभाग्यवती एकच. आईने म्हणे तो निरोप पुन्हा एकदा वाचून घेतला. मग म्हणाली, "पोरीने एकटीने सोसायचं ठरवलं होतं. मला सांगितलंसुद्धा नाही."

बायको शाळेतून आली. आईने तिला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "नाही तर नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. मला तू आहेस, तेवढं पुष्कळ आहे."

आता मला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की आदल्या दिवशी मीटिंग वगैरे काही नव्हती. माझं "सावली आहे" ऐकून बायको शाळेतून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली होती आणि रक्त देऊन आली होती. रिपोर्ट आज यायचा होता. आईच्या तोंडून "नाही तर नाही" ऐकलं, आणि तो आला असं तिला वाटलं. आईला कसं कळलं, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

आणि मी? मी त्याच वेळी प्रयोगशाळेच्या काउंटरवर होतो. "निगेटिव्ह," ती मुलगी म्हणाली आणि जरा अडखळली, "म्हणजे... अभिनंदन म्हणू की सॉरी?"

"अभिनंदन म्हणा!" मी म्हणालो. पाय जमिनीवर ठरत नव्हते. मी मरणार नव्हतो! वाटेत बेकरीतून केक घेतला. किट खोटं ठरलं म्हणजे तिची आशा गेली, हा हिशेबाचा दुसरा भाग त्या आनंदात पार पुसला गेला होता. माणूस स्वतः वाचला की थोडा वेळ गाढव होतो. मी तळमजल्यापासून ओरडत सुटलो, "निगेटिव्ह! निगेटिव्ह आली!" प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडत होतं.

आमचंही दार उघडंच होतं. सोफ्यावर बायको, डोळे लाल. शेजारी आई. खिडकीशी काका, हातात चहाचा कप.

"निगेटिव्ह!" मी केक वर धरून म्हणालो.

बायकोने मान वर केली.

"तुला इतका आनंद झालाय?" बायकोने विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फार हळू बोलली.

"केक खाली ठेव," आई म्हणाली. हा आवाज मी लहानपणी काच फोडली तेव्हा ऐकला होता.

"तसं नाही," मी म्हणालो. "ही माझी आहे."

"काय तुझी?"

"निगेटिव्ह. माझी आहे. मी... मी गरोदर नाही."

काकांनी कप खिडकीत ठेवला. "हे आम्हाला साधारण माहीत होतं," ते म्हणाले.

मग मला सगळं सांगावं लागलं. रिकामं पारडं, झाकण, राखाडी रेघ, गाठ, सौभाग्यवती, सगळं. आईने झाकणाचं ऐकल्यावर डोळे मिटून घेतले. गाठीचं ऐकताना बायकोने माझं मनगट धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. पण माझं संपल्यावर तिने जो आवाज काढला, तो वर्गात काढते तोच असावा.

"किट किती वेळाने पाहिलंस?"

"थेंब टाकले, तर काका आले. मग व्हॉल्व्ह. मग दाढी. मग अंघोळ..."

"कागद वाचलास?"

"चित्रं पाहिली."

"चित्रांच्या खाली लिहिलंय. पाच मिनिटांनी बघा, दहानंतर दिसलं ते धरू नका. वाळताना कधी कधी रेघ उमटते. ती अशीच राखाडी असते, तिला काही अर्थ नसतो. माझी कुठल्या रंगाची होती?"

"गुलाबी."

"आणि कधी आली?"

"लगेच. आई प्लंबर म्हणाली तेव्हाच."

आम्हा दोघांना एकाच वेळी सुचलं.

"म्हणजे आईंच्या फोनवर आला तो माझा नाही," ती सावकाश म्हणाली. "मग माझा कुठाय?"

"तुझा कसला?" मी विचारलं. आता तिची सांगायची पाळी होती. तिने दोन वाक्यांत सांगितलं. तिचा फोन पर्समध्ये होता, शाळेत आवाज बंद करतात तसा बंदच राहिलेला. बाहेर काढला तर दवाखान्याचे दोन फोन येऊन गेलेले. तिने उलट लावला. आम्ही तिघं तिच्या कानाकडे बघत होतो.

"रिपोर्ट आलाय," तिने फोन खाली ठेवून सांगितलं. "फोनवर सांगत नाहीत. येऊन भेटा म्हणाले."

येऊन भेटा! मी निरीक्षक आहे. लोकांना "ऑफिसात येऊन भेटा" हे मीही सांगतो. चांगल्या बातमीसाठी कधीच सांगत नाही. आईही आली, नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. दवाखान्याच्या बाकावर ती मध्ये बसली आणि आमचे दोघांचे हात तिने आपल्या मांडीवर धरून ठेवले.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण फार लवकर आलात, म्हणून आकडा लहान आहे. दोन दिवसांनी पुन्हा रक्त बघू. तो जवळजवळ दुप्पट व्हायला हवा. तोवर मी पेढे... म्हणजे आनंदाचं काही म्हणणार नाही."

"रेघ इतकी फिकट होती," बायको म्हणाली.

"वेळेत आली ना? रंग होता ना? मग ती रेघच. घरच्या चाचणीत 'आहे' सहसा खोटं निघत नाही. घाईने केलं तर 'नाही' मात्र खोटं निघू शकतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. बायकोने आत जाताना सांगितलेलं दिसत होतं. "तुम्ही मोकळे आहात. फक्त यापुढे दुसऱ्याचं किट वापरू नका."

ते दोन दिवस कसे गेले, ते सांगायला माझ्याकडे माप नाही. ती हलकेच चालायची, मी तिच्याहून हलकेच. शिंकायलाही भीती वाटायची. मागच्या वेळी आकडा वाढायचा थांबला होता, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो. दुसरा आकडा आला तो दुपटीहून थोडा जास्तच. पुढे सोनोग्राफी झाली. पडद्यावर करड्या ढगात एक टिंब लुकलुकत होतं. "हे ठोके," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायकोला लगेच दिसलं. मला चष्म्यातून नुसतं पाणीच दिसत होतं. "अजून काही आठवडे जपा, आणि एवढ्यात गावभर करू नका," असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं.

गावभर करू नका! मी तर जिनाभर केलं होतं. प्रत्येक मजल्यावरच्या दारात माझी ती आरोळी ऐकू गेली होती. त्यात काका सगळ्याचे साक्षीदार. पण आश्चर्य असं, की हिला कुणी काही विचारलं नाही. विचारायचे ते मला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून "कसं वाटतंय आता?" म्हणायच्या. तिसऱ्यावरच्या पैलवानासारख्या गृहस्थांनी तर एकदा माझी बॅग हातातून काढून घेतली आणि वर नेऊन ठेवली. "आपलं माणूस म्हणून सांगतो," ते म्हणाले, "हल्ली याच्यावर फार चांगले उपाय आहेत."

मी काकांना गाठलं. "काय सांगितलंत तुम्ही लोकांना?"

"लोक विचारायला लागले, कुणाचा रिपोर्ट," काका म्हणाले. एरवी सल्ला देताना ते छाती काढून बोलतात. या वेळी कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होते. "पोरीचं नाव कसं घेणार? मागच्या वेळी जिन्यात तिला 'कितवा' म्हणून विचारणाऱ्यांत मीही होतो. म्हणून म्हटलं, इन्स्पेक्टरचा आहे. खोटं तरी नाही ना?"

"एवढंच?"

"एवढंच. आणि म्हटलं, त्यांना जरा जपा, आत काहीतरी निघालंय."

"काका, माझ्या आत काहीही निघालेलं नाही!"

"हळू," ते म्हणाले. "जिना आहे."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बारा वर्षांच्या नोकरीत मी खोट्या मापाला कधी पाठीशी घातलं नाही. या मापाला घातलं.

आता आम्ही संध्याकाळी दोघं बरोबर घरी येतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी कठडा धरतो, एकेक पायरी सावकाश चढतो आणि प्रत्येक मजल्यावर टेकून धाप लागल्यासारखा उभा राहतो. "घाई करू नका हो," वहिनी दारातून म्हणतात, आणि हिला म्हणतात, "तूही थांब गं त्यांच्याबरोबर." ही मान खाली घालून थांबते. दम तिलाच लागलेला असतो. तिचा श्वास खाली बसला की ती माझ्या कोपराला हळूच बोट लावते, आणि मग मी कण्हत कण्हत पुढची पायरी चढतो.